आत जाणारी पावलं

शारजा, १८ ऑक्टोबर २००२

सिद्धांत,

हे पत्र तुझ्या आईचं नाही. पाकिटावरचा पत्ता तिच्याकडून लिहून घेतला, कारण माझं अक्षर बघून तू पाकीट उघडलंच नसतंस. आता उघडलं आहेस तर वाच. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढतोय. आई म्हणाली, इंग्लिशमध्ये लिहा ना. सत्तावीस वर्षं ऑफिसला इंग्लिशमध्ये लिहीत आलो, त्यातलं एकही पत्र कुणी मनावर घेतलं नाही. म्हणून मराठी.

जूनमध्ये मी रिटायर झालो हे तुला आईनं सांगितलं असेल. वर्कशॉपमधल्या पोरांनी केक कापला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. साठी झाली की इथं खलास. पण मुदिर, म्हणजे आमचा मॅनेजर, भला माणूस. म्हणाला, "सूर्यकांत, तुझा व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत आहे, मी आधी कॅन्सल करत नाही. तोवर फिर, आराम कर." म्हणजे काम नाही, पण राहायची परवानगी आहे, असे दिवस मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेत. ते सोफ्यावर बसून घालवायचे का?

तर मी बस घेतली. हसू नकोस. शाळेची जुनी बस, कंपनीनं भंगारात काढलेली. तू जायचास ती नव्हे, पण तसलीच, पिवळी. अहमदचाचा आणि मी सगळा उन्हाळा तिच्यात घातला. मागच्या सीट काढून पलंग केला, खिडकीखाली ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. पुढच्या दोन रांगा तशाच ठेवल्या, बसायला. ट्रॅफिकच्या पासिंगला सीट कमी चालत नाहीत, म्हणून त्या दिवशी सगळ्या सीट परत बोल्ट मारून बसवल्या आणि पासिंग झाल्यावर पुन्हा उचकटल्या. अहमद म्हणाला, "भाऊ, उभ्या जन्मात एवढे बोल्ट पिळले नव्हते." मागच्या काचेखाली 'सावकाश, मुलं' असं अरबी-इंग्लिशमध्ये रंगवलेलं आहे. मी ते खरवडायला घेतलं तर तुझ्या आईनं हात धरला. असू दे म्हणाली, त्यामुळं मागचे लोक जपून चालवतात.

अहमदचाचा तुला आठवतच असेल. ट्रेलरवर ड्रायव्हर होता, मूळचा श्रीवर्धनचा, तुला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचा. आता तोही घरीच असतो. त्याचा आणि रशीदाभाभींचा व्हिसा त्यांच्या रफिकच्या नावावर आहे. इथं कमावता मुलगा बापाला ठेवून घेऊ शकतो. बापाला मात्र अठरानंतर मुलगा ठेवून घेता येत नाही.

इथंच तुझं घोडं अडलंय, मला माहीत आहे. तू इथं जन्मलास, इथं शाळेत गेलास, अठरा झाली आणि तुला पुण्याला कॉलेजात पाठवावं लागलं. तो नियम मी केलेला नाही. एअरपोर्टवर मी म्हणालो, "आता घरी चाललास." तू म्हणालास, "आय अ‍ॅम लीव्हिंग होम, बाबा." तेव्हापासून मी फोन उचलला की तू एवढंच म्हणतोस, "गिव्ह इट टू आई." तीन वर्षं झाली त्याला. मी देतो फोन. पण सिद्धांत, मला ते आवडत नाही. आवडेल तरी कसं?

आता मुद्द्याचं. माझा व्हिसा आहे तोवर मी तुझ्यासाठी व्हिजिट व्हिसा काढू शकतो. जानेवारी संपला की आपल्यापैकी कुणालाच कुणाला बोलावता येणार नाही. तेव्हा ये. सुट्टीत ये, नसली तर बुडवून ये. आपण चौघं म्हातारे आणि तू, बसमधून वाळवंटात फिरू. मी गाडी चालवीन. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

आमची काळजी करू नकोस. कोथरूडचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट तयार आहे. रंगाचं थोडं काम राहिलंय म्हणतो बिल्डर.

बाबा

* * *

लिवाच्या वाटेवर, ३० ऑक्टोबर २००२

सिद्धांत,

तुझं उत्तर आईकडून कळलं. "आय वोन्ट गो टू माय ओन हाउस अ‍ॅज अ व्हिजिटर." आईनं ते दोनदा म्हणून दाखवलं, एकदा तुझ्या आवाजात आणि एकदा तिच्या. तिच्या आवाजात जास्त लागलं.

बरं. मी पण काही कमी हट्टी नाही. तू येत नाहीस तर इथं काय चाललंय ते मी कळवत राहणार. पाकिटावरचं अक्षर आता माझंच आहे, सवय करून घे.

आत्ता आम्ही लिवाच्या वाटेवर आहोत. दोन्ही बाजूंना लालसर वाळूचे डोंगर, मधे काळा रस्ता. तू नववीत असताना शाळेच्या ट्रिपला आला होतास आणि बुटांतून एवढी वाळू आणलीस की आईनं ती कुंडीत घातली. तीच ही वाळू.

काल आमची फजिती झाली. बस वाळूत न्यायची नसते हे मला कळत नाही असं नाही, मी सगळा जन्म गाड्यांतच काढला. पण रशीदाभाभी म्हणाल्या, त्या टेकाडापलीकडं काय आहे ते बघून येऊ. तुझी आई म्हणाली, चला ना, एवढं काय. आणि अहमद मागून "यल्ला यल्ला" करायला लागला. मी टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. थोडं अंतर गेलो आणि मागचं चाक बसलं ते बसलंच. जितका गिअर टाकावा तितकं खाली. शेवटी ओट्याची फळी काढून चाकाखाली घातली. फळीचे दोन तुकडे झाले, बस जागची हलली नाही. तुझी आई त्या तुकड्यांकडं बघत उभी राहिली.

मग तीन लोकल, म्हणजे इथलीच अरब, पोरं आली, लँडक्रूझरमधून, वाळूत मजा करणारी. लांबून पिवळी बस दिसली म्हणून धावत आलेली. उतरून पहिलं काय केलं, तर खिडक्यांतून आत डोकावून "अवलाद? अवलाद?" विचारायला लागली. त्यांना वाटलं, शाळेची बस अडकली, आत मुलं आहेत. आत बघतात तर लोणच्याच्या बरण्या, दोरीवर वाळत घातलेला माझा बनियन आणि आम्ही चौघं. अहमद त्यांना अरबीत म्हणाला, "मुलं मोठी झाली, हबीबी. आता शाळेत आम्हीच जातो." पोरं पोट धरून हसली. दोर बांधून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, वर लबानचा अख्खा क्रेट देऊन गेली. ताकच ते. काल रात्री आणि आज सकाळी आम्ही कढीच खातोय.

आई आता मांडीवर पोळपाट घेऊन पोळ्या लाटते. रागात आहे, पण गुणगुणतेय, म्हणजे फार नाही.

बिल्डरचा फोन आला होता. रंग झाला की लिफ्ट बसवायची आहे म्हणाला. लिफ्ट नसली तरी काय, आम्ही काय एवढे म्हातारे झालोय?

बाबा

* * *

जझीरत अल हमरा, ५ नोव्हेंबर २००२

सिद्धांत,

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. जरा मोठं होईल. पुण्यात दुकानांच्या पाट्या वाचून वाचून तुझं मराठी सुधारलं असेल असं धरून चालतो.

यंदा दिवाळी बसमध्ये करायची असं बायकांनी ठरवलं. रशीदाभाभी म्हणाल्या, परवापासून रमजान लागेल, मग महिनाभर दिवसा आम्हाला घेऊन फिरणार कसे, त्याआधीच जाऊ. म्हणून काल आम्ही रस अल खैमाच्या अलीकडं या गावी आलो. गाव म्हणायचं, पण गावात माणूस नाही. समुद्राकाठची घरं, समुद्रातल्याच दगडांची, भिंतींत शिंपले दिसतात. पस्तीसेक वर्षांपूर्वी सगळं गाव उठलं आणि अबूधाबीला गेलं. का, ते जो तो वेगळं सांगतो. मशीद उभी आहे, गल्ल्या आहेत, कोनाडे आहेत. खजुराच्या खोडांची छपरं खाली आलीत. लोक म्हणतात इथं भुतं आहेत. आम्हाला फक्त शेळ्या दिसल्या.

बस आम्ही गल्लीच्या तोंडाशी लावली, समोर एक मोठंसं घर. दाराची चौकट शाबूत, दार नाही. संध्याकाळी तुझ्या आईनं बसच्या पायरीवर पणत्या लावल्या. मग तिचं लक्ष गेलं समोरच्या घराकडं. म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी समोरच्या दारात अंधार बरा दिसतो का?" मी म्हटलं, अगं, ते कुणाचं घर आहे ते आपल्याला माहीत नाही. "म्हणून काय झालं?" म्हणाली. झाडू घेऊन गेली, उंबरठ्यावरची वाळू झाडली, शेळ्यांच्या लेंड्या काढल्या, पाणी शिंपडलं. रशीदाभाभी मदतीला. एक पणती लावली आणि रांगोळी काढली. डब्यात उरलेल्या रांगोळीची तिनं पावलं काढली. लक्ष्मीची, आपण दर वर्षी काढतो ती, मूठ टेकवून आणि वर बोटांचे ठिपके देऊन. उंबरठ्यापासून आत, पहिल्या खोलीतून मागच्या खोलीच्या दारापर्यंत. तू लहान असताना तुझ्याच मुठीनं काढायची, कारण तिची मूठ मोठी पडायची.

आज सकाळी आम्ही बसच्या सावलीत चहा घेत होतो. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक गाडी थांबल्याचा आवाज आला. आम्ही लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं समोरच्या घरातून ओरडणं ऐकू आलं. "या वलद! या वलद!" म्हणजे, अरे पोरा. एकदा, दोनदा, आणि मग सारखंच. अहमद आणि मी चहा टाकून धावलो.

मागच्या खोलीत एक म्हातारा होता. पांढरा पायघोळ कंदुरा, हातात काठी, वय माझ्याहून बरंच जास्त. पडलेल्या छपराखाली वाकून तो काठीनं चाचपत होता. घामानं निथळत होता. आम्हाला बघून हिंदीत म्हणाला, "बच्चा अंदर गया. बाहर नहीं आया."

माझ्या डोक्यात काही शिरेना. अहमदला आधी उमगलं. त्यानं जमिनीकडं बोट केलं. पांढरी, एवढीएवढी पावलं, उंबरठ्यातून आत येणारी, आणि बाहेर जाणारं एकही नाही. त्या म्हाताऱ्यानं ती बघितली आणि त्याला वाटलं, पांढऱ्या चुन्यात पाय भरलेलं कुणाचं तरी लेकरू पडक्या घरात शिरलंय आणि छपराखाली सापडलंय.

सिद्धांत, एरवी मी यावर आठवडाभर हसलो असतो. पण त्याचा चेहरा बघून हसू आलं नाही.

आता समजावणार कसं? लक्ष्मी म्हणजे कोण, हे त्याच्यापुढं कुठून सुरू करायचं? मी नुसता "नहीं चाचा, बच्चा नहीं" करत राहिलो. अहमदनं त्याला धरून बाहेर आणलं, उंबरठ्यावर बसवलं आणि म्हणाला, "चाचा, भाभीने बनाया है. इनकी ईद है. ऐसा बनाते हैं, कि बरकत घर में आए." म्हातारा त्या पावलांकडं बघत बसला. तेवढ्यात तुझी आई आली, हातात पाण्याचा तांब्या, चेहरा पार उतरलेला. "माफ कीजिए, गलती हो गई, मैं मिटा देती हूँ," म्हणाली आणि खाली वाकली. त्यानं काठी आडवी धरली. "रहने दो."

मग विचारलं, "बाहर जाने वाला क्यूँ नहीं बनाया?"

आई म्हणाली, "वो हम नहीं बनाते."

मग त्यानं स्वतःचं सांगितलं. त्याचं नाव खलफान. घर त्याचंच. लहानपणी बापाबरोबर गलबतानं मुंबईला जायचा, हिंदी तिथलंच. गाव उठलं तेव्हा त्याची मुलं लहान होती. आता ती अबूधाबीला मोठ्या घरांत राहतात. म्हणतात, बाबा, तिथं विंचू आहेत, कशाला जाता. हा दर वर्षी रमजानआधी एकटा येतो, दुपारपर्यंत बसतो आणि परत जातो. गाडीत घडीची खुर्ची असते, कॉफीचा थर्मास असतो. मी विचारलं, तुमच्याच घरी येता आणि खुर्ची बरोबर आणता? तो हसला. म्हणाला, घरात काही उरलं नाही, तर मग काय करणार?

आणि पुढचं ऐक. आम्ही त्याला बसजवळ चहाला बोलावलं, तर आला नाही. म्हणाला, तुम्ही माझ्या दारात उभे आहात, म्हणजे पाहुणे तुम्ही. आम्हा चौघांना त्यानं त्या उंबरठ्याच्या आत बसवलं, छप्पर नसलेल्या खोलीत. त्या छोट्या बिनकानाच्या कपांतून कॉफी दिली, खजूर दिले, कप रिकामा झाला की पुन्हा भरला. खुर्ची तुझ्या आईला दिली आणि स्वतः दगडावर बसला. रशीदाभाभींनी चकल्या आणल्या, त्या त्यानं आधी आम्हाला वाढल्या आणि मग स्वतः घेतली. जाताना पावलांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला घासून गेला, कंदुऱ्याला सगळी माती लागली.

म्हणून तुला लिहितोय. तू म्हणतोस, पाहुणा म्हणून येणार नाही. त्या घरात त्याचंही आता काही उरलं नाही, तरी तो येतो आणि आला की यजमान असतो. तू तसा ये. व्हिसावर काय लिहायचं ते लिहू दे लोकांना.

आज संध्याकाळी आईनं पोळ्या जरा जास्तच केल्या. तुलाही धरून केल्या असाव्यात.

बाबा

* * *

शारजा, १४ डिसेंबर २००२

सिद्धांत,

आई म्हणते, तू फोनवर तिला विचारलंस की तो म्हातारा नक्की काय हाक मारत होता. म्हणजे पत्र वाचलंस. शेवटपर्यंत वाचलंस. मी दिवसभर खुशीत होतो, उगाच बसचं ऑइल बदललं.

ईदला आम्ही दिब्ब्याला गेलो, समुद्रावर. रशीदाभाभींनी बसमध्येच बिर्याणी केली आणि आईसाठी वेगळा, बिनमटणाचा पुलाव. रफिक, त्याची बायको, पोरं, सगळी आली होती. रफिकचा धाकटा वाळूवरून माझ्या अंगावर उडी मारून म्हणाला, "अंकल, व्हेन आर यू लीव्हिंग?" त्याच्या आईनं त्याला दटावलं. मी म्हटलं, अगं, विचारू दे, सगळेच विचारतायत.

आता रागावू नकोस. मी तुझा व्हिजिट व्हिसा काढला. तुला न विचारता काढला. त्याची झेरॉक्स सोबत आहे, जानेवारीअखेरपर्यंत चालेल. तू तो वापर किंवा कप ठेवायला घे. माझ्या नावावर तुला या देशात आणण्याची ही शेवटची वेळ होती आणि ती मी वाया घालवणार नव्हतो. तू ओरडशील. ओरड, पण फोनवर माझ्याशी ओरड, आईशी नको.

रोल्याचा आपला फ्लॅट महिनाअखेर सोडतोय. तुझ्या खोलीतलं कपाट अहमद घेऊन जातोय, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तू चिकटवलेली क्रिकेटची चित्रं निघत नाहीत. तशीच जातील. आम्ही जानेवारीभर बसमध्ये राहू. ती रफिकच्या अल नहदाच्या बिल्डिंगखाली लावायची आणि लहर आली की निघायचं. आम्ही गेल्यावर बस अहमदकडं.

फ्लॅटचं म्हणशील तर ताब्याला थोडा उशीर होईल असं दिसतंय. स्लॅबचं काहीतरी आहे. पुण्यात सगळ्यांनाच उशीर होतो. आईला यातलं काही बोलू नकोस, ती पडद्यांचं कापड बघत फिरतेय.

बाबा

* * *

शारजा, २० जानेवारी २००३

सिद्धांत,

काल तुझा फोन आला तेव्हा आम्ही मलिहाच्या पुढं वाळूत बसलो होतो. अहमद-रशीदाभाभींबरोबरची ती शेवटची फेरी, म्हणून डबा भरपूर होता आणि बोलणं कमी होतं. मोबाइल वाजला. मी तुझा नंबर बघितला आणि सवयीनं म्हणालो, "थांब, आईला देतो."

तू म्हणालास, "नो. यू."

आणि तू सांगितलंस की तू कोथरूडला गेला होतास. तुझ्या खोलीतल्या मिथुनच्या मोटरसायकलवरून, साइट शोधत. तिथं दोन मजल्यांपर्यंत नुसते खांब आहेत, सळया गंजल्यात, वॉचमन म्हणाला की वर्षभर काम बंद आहे. तू म्हणालास, "देअर इज नो फोर्थ फ्लोअर, बाबा. व्हेअर विल यू स्टे?"

मी म्हणालो, नेटवर्क जातंय. आणि फोन ठेवला.

नेटवर्क उत्तम होतं. तिथं वाळूत टॉवर आहे, नुसता समोर. तू तिथं गेलास, कुणी न सांगता गेलास, हे ऐकूनच मी वाळूतून उठून उभा राहिलो होतो. त्यावर तो प्रश्न.

फोन ठेवला तर तुझी आई विचारतेय, "कुठला मजला नाही?" मग सगळं सांगावं लागलं. रंग नाही, लिफ्ट नाही, स्लॅब नाही. ऑगस्टपासून मला ठाऊक होतं. मला वाटत होतं काहीतरी जमेल, जानेवारीपर्यंत काहीतरी जमतंच. अहमद म्हणाला, भाऊ, श्रीवर्धनचं आमचं घर रिकामं आहे, चावी घेऊन जा. तो मनापासून म्हणाला. मी हो म्हणालो नाही. आई वाळूत बोटानं रेघा मारत बसली आणि मग म्हणाली, "त्यानं तुम्हाला विचारलंय. तुम्हीच उत्तर द्या."

आज सकाळी कंपनीच्या माणसाबरोबर जाऊन व्हिसा कॅन्सल करून आलो. काउंटरवर एक लोकल मुलगा होता, तुझ्या वयाचा, अदबीनं बोलणारा. पासपोर्टवर शिक्का मारताना त्यानं विचारलं, "अंकल, व्हेअर विल यू गो नाऊ?" घरी, असं म्हणायला तोंड उघडलं. शेवटी मी 'पूना' म्हणालो. त्यानं पासपोर्ट परत दिला, "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हणाला, आणि मला इतका राग आला, सिद्धांत, इतका राग की त्याच्या टेबलावरचा स्टेपलर उचलून फेकावासा वाटला. त्या मुलाचा काही दोष नव्हता. बाहेर येऊन बसमध्ये बसलो, तर गाडी चालू करायला हात उठेना. सत्तावीस वर्षं ज्या रस्त्यांवरच्या गाड्या दुरुस्त केल्या, तिथं आता मी दहा दिवसांचा माणूस. तुझं तेव्हा काय झालं असेल, ते आज कळलं. तू अठरा वर्षांचा होतास. मी निदान साठ वर्षांचा आहे.

तुझ्या व्हिजिट व्हिसाचं मी आता काही विचारत नाही. तू येणार नव्हतास, नाही आलास. तुला यायचं नव्हतं असं नाही, एवढं मला समजलंय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आम्हाला राहायला कुठंही जागा नाही. मिरजेला चुलत्यांची घरं आहेत, तिथं दोन दिवसांच्या वर मला राहवणार नाही. पुण्यात मी कुणाला ओळखत नाही. कुठल्या भागात पाणी येतं, गॅसचा नंबर कुठं लावायचा, रिक्षावाल्याला काय सांगायचं, यातलं मला काही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. ते शहर आता तुझं आहे.

एकतीस तारखेला पहाटे आम्ही मुंबईला उतरतो. तू आणि मिथुन ज्या खोलीत राहता, तिथं आम्ही येऊ का? तुझी आई स्वयंपाक करील. मी नळ, पंखा, मिथुनची मोटरसायकल, जे बिघडलं असेल ते बघीन. सामान फार आणणार नाही. उठण्या-झोपण्याचे तुमचे जे नियम असतील ते आम्ही पाळू.

किती दिवस राहू द्यायचं, ते तू ठरव.

बाबा